पीचचे दिवस आणि पेटीतलं भांडण

अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या घराकडे वळायच्या आधी, पेट्रोल पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत, ऑगस्ट संपत आला की एक म्हातारा शेतकरी पिकअप ट्रक लावून बसतो. मक्याची कणसं, टोमॅटो आणि पीच. मका मी मुकाट्यानं घेते. पीचच्या खोक्यापाशी मात्र नुसती उभी राहते. वाकलं की तो वास येतो, उन्हात तापलेला, गोड, किंचित आंबूस, सालीवरच्या लवेसकट नाकात शिरणारा. मग ट्रक, पंप, हायवेचा आवाज सगळं मागे पडतं आणि मी युटामधल्या एका स्वयंपाकघरात जाऊन पोचते.

परवा लेक बरोबर होती. तिला म्हटलं, "वास घेऊन बघ." तिनं फोनवरची नजर न काढता एकदा हुंगलं आणि म्हणाली, "आई, इट्स जस्ट फ्रूट."

"काय एवढं वाचतेस?"

"नथिंग. पीपल फाइटिंग. रिलिजन अँड ऑल. द यूज्वल."

मला हसू आलं. तिला काय सांगू, की हे भांडण तिच्या आईनं एक अख्खा हंगाम स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं आहे, आणि तेही स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्याच धर्माच्या बाजूनं! घरी येऊन पीच टोपलीत ओतले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी नागपूरहून युटात मृदाशास्त्र शिकायला गेले. म्हणजे माती. नागपूरच्या काळ्या मातीत वाढलेली पोरगी तिकडच्या खारट, पांढुरक्या मातीचा अभ्यास करायला गेली, यावर आमच्या घरी पुष्कळ विनोद झाले. विद्यापीठाचं गाव एका लांबट खोऱ्यात होतं. दोन्हीकडे डोंगर, मध्ये सरळसोट रस्ते, आणि एका टेकाडावर मॉर्मन लोकांचं मंदिर. खोऱ्यात कुठेही असलात तरी ते दिसायचंच. गावातली बहुतेक माणसं त्या धर्माची. दारू नाही, सिगारेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. मी खोली शोधत फिरले ती नेमकी व्हर्ल आणि लाव्हॉन या म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात. त्यांच्या तळघरातली खोली भाड्यानं होती.

इंग्रजीत मी त्यांना नावानंच हाक मारायचे, त्यांचा तसा आग्रहच होता. पण मनातल्या मराठीत सत्तरीच्या माणसांना अरेतुरे करवत नाही, म्हणून घरच्या पत्रांत ते व्हर्लकाका आणि लाव्हॉनकाकू झाले, आणि इथेही तेच राहू देत. त्यांनी माझ्या सुजाताचं 'सू' करून टाकलं. पहिल्याच दिवशी मी भीत भीत विचारलं, "मी चहा पिते. चालेल?" काकूंनी क्षणभर विचार केला. "तळघर तुझं आहे," त्या म्हणाल्या. "पण आलं घालतेस तेव्हा वास वर येतो आणि व्हर्लचं लक्ष उडतं. तेवढं दार लावून घेत जा."

तळघरात माझी खोली सोडली तर बाकी सगळी फडताळं होती, आणि फडताळांत बाटल्या. संकटकाळासाठी घरात वर्षभराचं धान्य-फळं भरून ठेवावी अशी त्यांच्याकडे शिकवण. गव्हाचे डबे, घेवडा, टोमॅटो आणि सगळ्यात पुढे पीच. काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत अर्ध्या-अर्ध्या फोडी, एकीवर एक, पालथ्या. सकाळी वरच्या झरोक्यातून ऊन आलं की ती भिंत पिवळीधमक व्हायची. परदेशात पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच रडू येतं, मलाही यायचं, पण त्या भिंतीसमोर बसून रडणं जरा कमी व्हायचं.

ऑगस्टच्या शेवटी पीच आले आणि घराचं रूपच पालटलं. ओट्यावर खोकी, जमिनीवर खोकी. काकू पीच उकळत्या पाण्यात बुडवायच्या, लगेच गार पाण्यात टाकायच्या आणि अंगठ्यानं साल सरकवायच्या. सुरी लागायचीच नाही. फोडी भरायच्या, वर साखरेचा पाक, मग झाकण लावून बाटल्या पुन्हा उकळत्या पाण्यात. बाहेर काढून टॉवेलवर मांडल्या की निवता निवता एकेक झाकण 'टुक' करून आत बसायचं. तो आवाज झाला की बाटली टिकणार. काकू काहीही करत असल्या तरी त्यांचा कान टॉवेलकडे असे.

आणि स्वयंपाकघराच्या दुसऱ्या कोपऱ्यात, खिडकीखाली, काकांचा कॉम्प्युटर.

काका शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. निवृत्तीनंतर त्यांच्या मुलानं हा कॉम्प्युटर आणून दिला, आणि म्हाताऱ्याला अचानक एक नवीन मैदान सापडलं. तेव्हा इंटरनेट म्हणजे आजच्यासारखं नव्हतं. फोनच्या तारेतून मोडेम किंचाळत जोडला जायचा, घरचा फोन तेवढा वेळ बंद. न्यूजग्रुप नावाचे चव्हाटे असायचे, नुसती अक्षरं, चित्र नाही की रंग नाही. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं त्यातली ओळ न ओळ पुढे बाणाची खूण करून उतरवायची आणि प्रत्येक ओळीखाली तिचा समाचार घ्यायचा. तिथे मॉर्मन धर्मावर भांडणारा एक चव्हाटा होता. अर्धे लोक धर्म सोडलेले, अर्धे धर्म राखणारे, आणि दोन्हीकडे थोडे नुसतेच हात धुऊन घेणारे. तुमचा धर्मग्रंथ कोरलेल्या सोन्याच्या पाट्या जमिनीतून निघाल्या म्हणता, मग गेल्या कुठे? संस्थापकानं एवढ्या बायका का केल्या? हे प्रश्न रोज नव्यानं विचारले जायचे आणि रोज नव्यानं त्यांची उत्तरं दिली जायची. काकू त्याला 'पेटीतलं भांडण' म्हणायच्या.

काकांचे हात मात्र थरथरायला लागले होते. एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटायची. एका संध्याकाळी मी चहाचा कप तळघरात ठेवून वर आले, तर ते पडद्याकडे केविलवाणे बघत होते. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी टाइप करते." झालं. त्या दिवसापासून मी, नागपूरच्या बौद्ध घरातली पोरगी, मॉर्मन धर्माची वकिली टाइप करायला लागले. आयुष्यात कुठल्या तपश्चर्येचं हे फळ, असं मनात यायचं, पण खरं सांगते, मजा यायची. काका पाठीमागे हात बांधून फेऱ्या घालत सांगायचे, जणू फळ्यावर प्रमेय सिद्ध करताहेत. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. शेवटी मात्र ते हटकून म्हणायचे, "लिही, हे सत्य आहे हे मला माहीत आहे."

"माहीत आहे, की वाटतं?" मी एकदा छेडलं.

"माहीत आहे."

"भूमितीत चाललं असतं का असं?"

"भूमितीत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणून तर वेगळं वाक्य लिहायचं."

विरोधकांत एक जण फार तिखट होता. टोपणनाव 'बॅक रो'. मागच्या रांगेत बसणारा. माणूस कधीकाळी धर्मात मुरलेला असणार, कारण त्याला सगळं पाठ होतं, आणि वार नेमका वर्मावर करायचा. शिवीगाळ कधी नाही. काका त्याची वाट बघायचे. तो दोन दिवस दिसला नाही तर अस्वस्थ व्हायचे. "आजारी तर नसेल?" म्हणायचे. शत्रूची एवढी काळजी करणारा योद्धा मी दुसरा पाहिला नाही.

त्याच सुमाराला सॉल्ट लेकला एका मराठी डॉक्टरांच्या घरी गणपतीला बोलावणं होतं. पुण्याचे, पुष्कळ वर्षांपूर्वी आलेले, प्रेमळ गृहस्थ. मला बघताच म्हणाले, "काय गं, मॉर्मनांकडे राहतेस म्हणे? सांभाळ हां, कन्व्हर्ट करून टाकतील यार!" सगळे हसले. मग सोन्याच्या पाट्यांची कथा त्यांनी रंगवून सांगितली, पुन्हा हशा. आणि मोदकांचं ताट माझ्यापुढे धरत, अगदी सहज, "पण तुम्ही लोक तर आधीच कन्व्हर्ट झालेले, नाही का? नागपूरकडचे ना तुम्ही?"

"डॉक्टरकाका, आम्ही कन्व्हर्ट नाही झालो," मी म्हटलं. "उठून बाहेर आलो."

"तेच ते गं. वर्ड्सचा गेम."

मी मोदक घेतला. मोदक उत्तम होता, खोटं कशाला बोलू. पण परत येताना हायवेवर मला त्या सोन्याच्या पाट्यांचं हसू येईना. जुन्या धर्माच्या चमत्कारांना कोणी पुरावा मागत नाही. नव्या धर्माला मात्र सगळे मागतात, कारण त्याच्या जन्माच्या वेळची भांडी अजून घासायची राहिलेली असतात. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांना काय कमी ऐकून घ्यावं लागलं? 'कालचा धर्म' हे शब्द आमच्या अंगणात किती वेळा येऊन पडले. त्या रात्रीपासून काकांची उत्तरं मी जरा जास्त मन लावून टाइप करायला लागले.

जास्त मन लावलं की अडखळायलाही होतं. एका संध्याकाळी बॅक रोनं विचारलं: काळ्या वर्णाच्या माणसांना तुम्ही सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत पुरोहितपद का दिलं नाही? मंदिराच्या आतल्या खोल्यांत का घेतलं नाही? काका फेऱ्या घालू लागले. "लिही. प्रत्येक गोष्टीला देवाची वेळ असते..."

माझी बोटं थांबली.

"सू? काय झालं?"

"हे मी टाइप करणार नाही."

काकूंनी पीचवरून मान वर केली. मी खुर्ची वळवली आणि त्यांना आजोबांबद्दल सांगितलं. लहानपणी ते गावच्या देवळाबाहेर, पायऱ्यांच्याही खाली, उन्हात उभे राहायचे. आतून घंटा ऐकू यायची. त्यांनाही हेच सांगितलं होतं लोकांनी, की हे देवानंच ठरवलंय, मागच्या जन्मीचं आहे, अजून वेळ आली नाही. मोठे झाल्यावर आजोबांनी वेळ येण्याची वाट पाहणं सोडलं आणि त्या दाराकडेच पाठ फिरवली. "तुम्हाला काय लिहायचं ते लिहा," मी म्हटलं, "पण हे वाक्य माझ्या हातून नाही." आवाज चढला होता माझा. भाडेकरूनं घरमालकाशी बोलायची ही रीत नव्हे, हे कळत होतं, पण थांबवत नव्हतं.

टॉवेलवर एक झाकण 'टुक' वाजलं. मग काका म्हणाले, "ते खोड. असं लिही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या काळात मी मोठा माणूस होतो, मला तोंड होतं, आणि मी विचारलं नाही." मग मला, "बस. एवढंच पाठव."

शेवटचं ते नेहमीचं वाक्य त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यांच्याच बाजूचे लोक दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर तुटून पडले. म्हाताऱ्यानं हत्यार टाकलं, शत्रूच्या हाती कोलीत दिलं, वगैरे. बॅक रोचं मात्र एकच ओळीचं उत्तर आलं. 'आभार. इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं.' काकांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.

त्यानंतर आठवडाभरानं बॅक रोनं ते लिहिलं. मला वाटतं, आधीची ती ओळ झाली नसती तर त्यानं लिहिलंच नसतं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मंदिरात. मॉर्मनांच्या मंदिरात ज्याच्याकडे धर्मातल्या वडीलधाऱ्यांनी दिलेला परवाना आहे त्यालाच जाता येतं, लग्नाला सुद्धा. त्याची बायको अजून श्रद्धाळू होती, ती आत जाणार होती. यानं धर्म सोडलेला. 'माझ्या मुलीचं लग्न होईल,' त्यानं लिहिलं होतं, 'आणि मी बाहेर पार्किंगमध्ये उभा असेन. मला वाद घालायचा नाही. मला फक्त सांगा, तेवढा वेळ बापानं काय करायचं?'

वाद घालायचा नाही असं म्हटल्यावर चव्हाट्यावर जे होतं तेच झालं. धर्म राखणाऱ्यांनी उत्तरांचा पाऊस पाडला. दार आम्ही बंद केलं नाही, तू केलंस. पश्चात्ताप कर आणि आत ये. धर्म सोडलेल्यांनी त्याच्या दुःखाचा झेंडा करून मिरवला. त्याच्या प्रश्नाला उत्तर कोणी दिलंच नाही.

काका फेऱ्या घालू लागले. "लिही. दार बंद नाही. दाराला अट आहे. अट सगळ्यांना सारखी आहे. म्हणून कोणावर अन्याय..."

"त्या दिवशी माझे वडील बाहेर होते," काकू म्हणाल्या.

त्या बोलल्या ते कोणाकडेही न बघता. हातात सोललेला पीच होता, त्याचं पाणी मनगटावरून ओघळत होतं. त्यांचे वडील ग्रीसहून आलेले खाणकामगार. त्यांचं चर्च वेगळं, क्रॉस वेगळा. आई मॉर्मन. काका-काकूंचं लग्न याच टेकाडावरच्या मंदिरात झालं होतं.

"मला माहीत आहे ते बाहेर होते, लाव्हॉन," काका हळूच म्हणाले.

"माहीत आहे. पण तू कधी त्याचा विचार केला नाहीस, आणि मीही नाही. हॅट हातात धरून उभे होते. फोटोत पण हॅट हातातच आहे. आतल्या विधीबद्दल बाहेर बोलायचं नसतं, म्हणून आम्ही कोणी काहीच बोललो नाही. पण मी कशी दिसत होते, मला रडू आलं का, तू अंगठी घालताना धांदरटपणा केलास का, हे सांगायला कुठे मनाई होती? गाडीत ते सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होते. कोणाला सुचलंच नाही त्यांना काही सांगायचं." त्यांनी पीच बाटलीत ठेवला. "मरेपर्यंत त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं त्यांनी. मी सांगितलं असतं."

सिद्धता अर्ध्यावर पडद्यावर तशीच होती. काका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "खोड सगळं," ते म्हणाले. "त्याला एकट्याला पत्र लिहिता येतं ना यातून? विचार, कुठलं मंदिर, आणि कधी."

मंदिर आमच्याच टेकाडावरचं निघालं. बॅक रो म्हणजे डेल, आमच्याच खोऱ्यात दोन गावं पलीकडे राहत होता. अमेरिकेच्या कुठल्या टोकाशी आपण भांडतोय असं आम्हाला वाटायचं, आणि तो बहुधा आमच्याच दुकानातून दूध नेत होता. लग्न शनिवारी सकाळी. आणि शनिवारी सकाळी काका-काकू दोघंही त्या मंदिरात सेवेला असत. काका पुरुषांच्या बाजूला, काकू नवरीच्या खोलीत, मुलींना तयार व्हायला मदत करायला. काकांनी सेवेच्या पाळ्या लावणाऱ्यांना फोन केला. "या शनिवारी मी आत नसेन," ते म्हणाले. कारण विचारलं असावं. "बाहेर काम आहे," एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. चव्हाट्यावरच्या त्यांच्या दोस्तांना हे पुढे कळलं तेव्हा दोघा-तिघांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांना ते लागलं, पण बोलून दाखवलं नाही.

आता पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. लग्नानं डेल काही पुन्हा श्रद्धाळू झाला नाही आणि काकांची श्रद्धाही तसूभर हलली नाही. पुढच्याच आठवड्यात बॅक रोनं सोन्याच्या पाट्यांवर असं काही खरमरीत लिहिलं, की काका आनंदानं हात चोळत म्हणाले, "सू, बस, बस, टाइप कर!" काकूंनी त्या दिवशी डेलला पीचची एक बाटली दिली होती. भांडं रिकामं परत करू नये हे आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं. महिन्याभरानं ती बाटली परत आली, काठोकाठ कॉफीच्या बिया भरून! काकूंनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "हलकट," त्या म्हणाल्या, आणि ती बाटली माझ्या हातात देऊन तळघराकडे बोट दाखवलं. तो हिवाळा मी विरोधकाची कॉफी पीत धर्माची बाजू टाइप केली.

तर तो शनिवार. काकांना गाडी चालवता येत नसे म्हणून मी नेलं. काकू पांढरे कपडे बॅगेत घालून आत गेल्या. काका सूट घालून, टाय लावून, माझ्याबरोबर बाहेरच राहिले. मंदिराभोवती बाग होती, झेंडू नव्हे पण झेंडूसारखीच फुलं, आणि डोंगरावर मेपलची झुडपं लाल व्हायला लागलेली. आत गेल्या गेल्या एक बसायची खोली असते, परवाना नसलेल्या नातेवाइकांसाठी. डेल तिथे बसणार नव्हता, हे त्यानं आधीच कळवलं होतं. तो बागेतल्या बाकावर होता. एवढे दिवस मी त्याला मनात शिंगं लावली होती. तिथे एक टक्कल पडलेला, पन्नाशीचा माणूस बसला होता, मांडीवर कॅमेरा, टायची गाठ वाकडी. बघितल्यावर मला त्यांना अरेतुरे करवेना.

"बॅक रो?" काका म्हणाले.

"व्हर्ल?" ते उठून उभे राहिले. "आणि ही?"

"ही माझी बोटं," काकांनी माझी ओळख करून दिली.

आम्ही तिघं बाकावर बसलो. काकूंनी दिलेली बाटली मी उघडली, काटे तीन होते. मग डेल म्हणाले, "त्या पाट्यांच्या वजनाबद्दल तू जे लिहिलंस ते साफ चूक आहे," आणि काका ताठ बसले. पुढे जवळजवळ तासभर दोघं भांडले. पीच खात, काटे हवेत नाचवत, आणि मध्येमध्ये दोघंही त्या दाराकडे बघत. काकांना हेच करायचं होतं हे मला तेव्हा कळलं. बापानं तेवढा वेळ काय करायचं, या प्रश्नाला त्यांना हे एकच उत्तर देता येत होतं.

मी दाराकडे बघत होते. आजोबांसाठी बंद होतं ते दार जन्मानं बंद होतं, त्याला परवाना नव्हताच. डेलकडे परवाना होता आणि त्यांनी तो स्वतः परत केला होता. दोन्ही एक नव्हेत, हे मला कळतं, आणि कोणी त्यांना एक म्हटलं तर मी अजूनही भांडेन. आमच्याकडे सांगतात, धम्म असा की ये आणि स्वतः बघ. मला काकांच्या धर्माला हेच विचारावंसं वाटत होतं, की बापाला एवढंही का बघू देत नाही? विचारलं नाही. शेजारी त्याच धर्माचा एक म्हातारा आपली आतली जागा सोडून बाहेर उन्हात बसला होता. मला दोघांचीही माया आली, आणि दाराचा राग काही गेला नाही. दोन्ही माझ्यात एकाच वेळी होतं आणि आजही आहे.

मग बाजूच्या छोट्या दारातून काकू बाहेर आल्या. पांढरे कपडे बदलून, साध्या निळ्या झग्यात. त्या भरभर चालत आल्या, नेहमीपेक्षा जास्त भरभर, आणि काकांकडे न बघता सरळ डेलसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही एमीचे वडील ना? मी नवरीच्या खोलीत असते. फोटोला सगळे बाहेर यायला अजून थोडा वेळ आहे, म्हणून धावत आले."

डेल उठले. त्यांच्या हातातला काटा तसाच होता.

"आतलं मी सांगणार नाही," काकू म्हणाल्या. "ते सांगायचं नसतं, तुम्हाला माहीत आहे. पण तुमची मुलगी कशी होती ते सांगते." त्यांनी श्वास घेतला. "सकाळी काही खाल्लं नव्हतं तिनं, हात बर्फासारखे होते. मी चोळून दिले. झग्याची शिवण एका जागी उसवली होती, ती मी घातली. शिवताना ती हलत होती, मी ओरडले तर हसली. मोठ्यांदा हसते ती. अशी, तोंड उघडं टाकून."

"हो," डेल म्हणाले.

"तिच्या आईनं केस नीट केले. एमी रडली थोडी, फार नाही. मग मला विचारलं, बागेतलं बाक कुठल्या बाजूला आहे. मी दाखवलं. तिथे खिडकी आहे, पण काच धूसर आहे, बाहेरचं काही दिसत नाही. तसं मी तिला सांगितलं. तरी ती खिडकीपाशी गेली, आणि बोलावणं येईपर्यंत तुमच्या बाजूला तोंड करून उभी राहिली."

काका खाली बघत होते. मी बाटलीचं झाकण उगाच फिरवत होते. एवढ्या दिवसांत ज्या माणसानं आमचं एक वाक्य बिनउत्तराचं सोडलं नव्हतं, त्या डेलनी हातातला काटा बाकावर ठेवला.

"पुन्हा सांगता?" ते म्हणाले.

काकू त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "सकाळी तिनं काही खाल्लं नव्हतं."